राईसाहेबांची राणी

"काय सूनबाई, आमची राणी काय म्हणते?"

हा प्रश्न राईसाहेब रोज सकाळी विचारायचे, आणि तोही सूनबाईचा एक पाय बुटात आणि दुसरा बाहेर असताना नेमका. तिने तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज यायचा, "राणी म्हणते, चहा गार होतोय. आधी तो घ्या, मग सवतीची चौकशी करा!"

राणी म्हणजे मोहरी. उगाच भलता गैरसमज नको. ऐंशीच्या घरातला माणूस, त्याला एक बायको सांभाळता सांभाळता पुरेवाट झालेली.

राईसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण सगळा जन्म मोहरीच्या संशोधन केंद्रात गेला, तिथल्या पोरांनी कधीतरी रावसाहेबाचं राईसाहेब केलं, आणि पुढे तेच चिकटलं. केंद्राची एक जुनी रीत होती. शेतात एखादी ओळ खरोखर नाव काढणार असं दिसलं, की तिच्या डोक्याशी पांढरी पाटी लागायची आणि पाटीवर जिने किंवा ज्याने ती निवडली त्याचं नाव. राईसाहेबांनी निवडलेल्या ओळींना अशा पाट्या लागल्या, एकदा नाही, अनेकदा. पण प्रत्येक वेळी नाव लागलं ते वरच्या साहेबांचं. "करणारा मी आणि मिरवणारा तो," एवढंच राईसाहेब म्हणायचे, पण म्हणताना त्यांचा आवाज वीस वर्षांनंतरही जरा कडवटच यायचा.

मग नोकरीच्या अगदी शेवटच्या हंगामात त्यांना एक झाड दिसलं. शेंगांनी लगडलेलं आणि तरी ताठ. राईसाहेबांनी त्याचं बी रुमालात बांधलं आणि ते घरी आले. त्या वर्षापासून दर थंडीत गच्चीवर लाकडी खोक्यांतून राणी उभी राहायची. एका खोक्यात एक झाड, राजेशाही थाट. चांगल्या झाडांचं बी परत निळ्या डब्यात जायचं, आणि डबा स्वयंपाकघराच्या फडताळात, कारण घरात तेवढीच एक जागा कोरडी. एकदा तरी पाटीवर आपलं नाव बघायचं, एवढी एकच हौस उरली होती बिचाऱ्यांची.

पोटच्या पोराने मोहरीकडे ढुंकून पाहिलं नाही. तो घड्याळं दुरुस्त करायचा. "आनुवंशिकता शून्य!" असं राईसाहेब आल्यागेल्याला सांगत. पोरगा डोळ्याला भिंग लावून चिमट्याने मोहरीहून बारीक स्क्रू उचलत असायचा, तो ऐकायचा आणि गालातल्या गालात हसायचा. बापही आयुष्यभर चिमट्याने दाणेच मोजत बसला होता, हे काही बापाच्या लक्षात येत नव्हतं. पण या पोराने लग्न केलं ते मात्र थेट मोहरीवालीशी. तीही त्याच केंद्रातली. राईसाहेबांना त्या दिवशी आकाश ठेंगणं झालं. "नालायका, आयुष्यात एक निवड बरी केलीस," त्यांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली.

आता सूनबाईच्या कामाचं थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. तिच्या कामात प्रश्न दोनच. पहिला, ही झाडं एकमेकांपेक्षा वेगळी किती? दुसरा, तो वेगळेपणा पोटच्या लेकरांत उतरतो किती? एखादं झाड शेंगांनी वाकलं म्हणून लगेच नाचायचं नसतं. ते चांगल्या आईचं असेल, किंवा नुसतं खताच्या ढिगाशेजारी उगवलेलं असेल. दिसायला दोन्ही सारखीच. म्हणून प्रत्येक ओळ शेतात तीन वेगवेगळ्या जागी पेरायची, आणि जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या. तिन्हीकडे गुण दिसला तर तो रक्ताचा. एकाच जागी दिसला तर तो मातीचा, आणि मातीचा गुण लेकरांना मिळत नाही.

आणि इथेच सूनबाईचं घोडं पेंड खात होतं. गेल्या हंगामाच्या शेवटी केंद्राचे संचालक तिच्या शेतात फिरले, हाताची घडी घालून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या ओळी म्हणजे एका आईच्या मुली. सगळ्या गुणी, सगळ्या सारख्या. यातून आता कोण कोणाला निवडणार?" खरंच होतं ते. वर्षानुवर्षं चांगल्यातलं चांगलं निवडून निवडून सगळ्या ओळी एका मापाच्या झाल्या होत्या. शेंगा मोजा, फांद्या मोजा, हजार दाण्यांचं वजन करा, फरक नावापुरता. संचालक जाता जाता म्हणाले की असंच असेल तर पुढच्या वर्षापासून हे शेत सूर्यफूलवाल्यांना दिलेलं बरं. बाहेरचं काही बी मिळालं तर बघा, एकदा चाचणीत घ्या.

बाहेरचं बी! सूनबाईला निळा डबा आठवला. बाहेरच्या बियाण्याला केंद्र एकदाच संधी देतं, पुन्हा नाही. तिने हे सांगितल्याबरोबर राईसाहेबांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. उठले, डबा काढला, बी पांढऱ्या कागदावर ओतलं, आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत म्हणाले, "मोहरीची धूळ फार उडते हल्ली."

पेरणीच्या दिवशी स्वतः हजर. डोक्याला टोपी, हातात काठी. यंत्र आधी झटकलं का, नळ्या साफ केल्या का, खोली किती ठेवली, नुसतं भंडावून सोडलं सगळ्यांना. शेवटी सूनबाईने त्यांना झाडाखाली खुर्ची टाकून दिली आणि हातात पाण्याची बाटली दिली. पण खुर्चीत बसूनही हुकूम सोडणं चालूच.

मोहरी उगवली, वाढली, फुलायला लागली, आणि एका सकाळी सूनबाई बांधावरच थबकली.

तिच्या स्वतःच्या ओळी शहाण्या मुलींसारख्या एका उंचीत उभ्या होत्या. राणीच्या प्लॉटमध्ये मात्र एक झाड कमरेला, तर दुसरं छातीला. कुणाची पानं गुळगुळीत, कुणाची केसाळ. एक फुलून मोकळं झालेलं, तर शेजारणीला अजून कळीचा पत्ता नाही. तिला आधी वाटलं, पेरणीयंत्रात दुसरं बी अडकलं असेल. पण तसं असतं तर सुरुवातीची चार-दोन झाडं बिघडली असती, पुढची नाही. ती दुसऱ्या जागी गेली, तिथे तेच. तिसऱ्या जागी गेली, तिथेही तेच. तिन्हीकडे सारखाच सावळागोंधळ. म्हणजे मातीचा दोष नाही, यंत्राचा नाही. बीच तसं होतं. निळ्या डब्यात राणी नव्हतीच.

आता हे घरी कुणी सांगायचं? सूनबाई वाण निवडण्यात हुशार, पण थापा मारण्यात अगदीच कच्ची.

"आमची राणी काय म्हणते? येऊ का बघायला?"

"आज नको बाबा, फवारणी झालीय."

दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं होतं, चिखल होता. तिसऱ्या दिवशी संचालक यायचे होते. मग पुन्हा फवारणी. "इतकी फवारणी?" राईसाहेबांनी भुवया उंचावल्या. "मोहरी वाढवतेस की मारतेस?" सासूबाई आतून म्हणाल्या, "अहो, सवत पडद्यात असेल. तुम्हाला काय घाई?" राईसाहेब हसले, पण सूनबाईकडे जरा रोखूनच बघत राहिले.

झाकून झाकून किती झाकणार? आणि घरात आपलंच माणूस घात करतं म्हणतात ते खोटं नाही. आयुष्यात कधी शेताकडे न फिरकलेल्या तिच्या नवऱ्याला त्या रविवारी सकाळी नेमकी बापाची माया आली. "चला बाबा, तिला चकित करू," म्हणून त्याने राईसाहेबांना स्कूटरवर मागे बसवलं आणि सरळ प्लॉटच्या बांधाशी आणून उतरवलं. सूनबाई शेंगा मोजत वाकली होती. तिने वर पाहिलं आणि तिच्या हातातला चिमटाच गळून पडला.

राईसाहेब तिच्या ओळींवरून मान डोलवत, कौतुक करत आले. मग थांबले.

"ही कोण?"

"बाबा, ती..."

"खुंटीवरचा नंबर वाचता येतो मला." ते वाकले. एक पान चोळून पाहिलं, दुसरं पाहिलं, एका झाडाच्या शेंगा उचलून धरल्या आणि सोडून दिल्या. "ही माझी राणी नव्हे. हा बाजार भरलाय."

नवऱ्याला काहीतरी चुकलंय एवढं कळलं. तो निमूटपणे स्कूटरकडे गेला.

"बी यंत्रात कुणी भरलं होतं?"

"मीच."

"यंत्र झटकलं होतंस?"

झटकलं होतं. त्यांच्याच हुकुमावरून दोनदा झटकलं होतं. पण ते म्हणायचं तर मग पुढचंही म्हणावं लागलं असतं, की दोष यंत्राचा नाही, डब्याचा आहे, तुमचा आहे. सूनबाईने त्यांचा चेहरा पाहिला आणि मान खाली घातली.

"राहिलं असेल बाबा. चुकलं माझं."

"चुकलं?" राईसाहेबांचा आवाज चढला. "वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलं मी ते बी! एकदाच संधी होती, एकदाच! आणि तू, माझ्या हाताखाली शिकलेली, एका सकाळीत सगळं मातीत घातलंस!"

ती सून होऊन आल्यापासून पंधरा वर्षांत ते तिच्यावर असे कधी ओरडले नव्हते. तिने वाकून खाली पडलेला चिमटा उचलला.

दुपारी जेवायला सगळे बसले तेव्हा घरात इतकी शांतता, की भिंतीवरची दुरुस्तीला आलेली घड्याळं ऐकू येत होती. सासूबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे.

"काय झालंय काय? कोणी गेलं का?"

"हो, गेली," राईसाहेब म्हणाले. "राणी गेली. विचार तुझ्या लाडक्या सुनेला. भेसळ केलीन तिने बियाण्यात."

सासूबाईंच्या हातातली पळी भांड्यावरच थांबली. "भेसळ? म्हणजे कसं?"

"म्हणजे डब्यात होतं एक आणि उगवलंय दहा प्रकारचं. लाल, काळं, बुटकं, उंच. यंत्र साफ केलं नाही, दुसरं काय!"

सूनबाई ताटात बघत बसली होती. तिच्या डोळ्यातून टपकन पाणी पडलं ते सासूबाईंनी पाहिलं. त्यांनी पळी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि बसल्या.

"तिला कशाला बोलता?" त्या म्हणाल्या. "भेसळ मी केलीय."

"तू? तू कशाला शेतात गेलीस?"

"शेतात कशाला जाऊ? डबा फडताळातच होता की! तुम्ही निवृत्त झालात ना, त्याच्या पुढच्या वर्षी तुमची सगळी मित्रमंडळी जेवायला आली. आयत्या वेळी मोहरी संपलेली. समोर तुमचा निळा डबा. म्हटलं, चमचाभर घेतली तर कुणाच्या बापाला कळतंय? चमच्याचे दोन झाले, दोनाचे चार झाले. पुढच्या महिन्यात लोणचं होतं. बघते तर डबा तळाला गेलेला!"

"अगं..."

"मला सांगू द्या! धावत कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, मोहरी आणली आणि डबा काठोकाठ भरून ठेवला. तळाशी तुमची होती थोडी."

"आणि मग?" राईसाहेबांनी हातातला घास खाली ठेवला.

"मग काय, एकदा भीड चेपली की चेपली. पण अगदी इमानाने भरत गेले हो दर वेळी! कधी बहिणीच्या गावाहून, कधी स्टेशनजवळच्या दुकानातून, कधी प्रवासात कुठे चांगली दिसली तर तिथून. तुमची राणी म्हणून स्वस्तातली कधी घेतली नाही. शप्पत!"

घड्याळजींना, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याला, ठसका लागला. सूनबाईने त्यांच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली, ती ठसक्यासाठी कमी आणि स्कूटरसाठी जास्त होती.

"वीस वर्षं," राईसाहेब हळूच म्हणाले. "आणि मला कळलं नाही?"

"कळलं असतं तर मी आधीच सापडले असते ना! पण तुम्हीच म्हणायचात, यंदा टाकीच्या सावलीमुळे ही बुटकी राहिली. हे खोकं उथळ आहे म्हणून हिला फांद्या कमी. त्या कोपऱ्यात वारं लागतं म्हणून ही उशिरा फुलली. मला वाटायचं, चला, वाचले. वाऱ्यावर गेलं."

राईसाहेबांनी ताट पुढे सरकवलं. त्यांनी हात धुतला आणि ते जिना चढून गच्चीवर गेले. सासूबाई तिथेच बसून राहिल्या. "मला खरंच माहीत नव्हतं गं," त्या सुनेला म्हणाल्या. "मला वाटायचं मोहरी ती मोहरी. माणूस हौसेने कुंड्या लावतो, तसं काहीतरी आहे. मला ठाऊक असतं तर मी एक दाणा हलवला नसता." आणि इतका वेळ खणखणीत बोलणाऱ्या त्या बाईचा आवाज एकदम फुटला.

सूनबाई गच्चीवर गेली तेव्हा राईसाहेब पाण्याच्या टाकीजवळ एका उपड्या खोक्यावर बसले होते. उन्हं कलली होती. तिला बघून त्यांनी दुसरं खोकं पायाने पुढे सरकवलं. ती बसली.

"तुला माहीत होतं."

"हो."

"तिन्ही जागी सारखंच?"

"तिन्ही जागी सारखाच धिंगाणा."

"मग यंत्र कसं असेल?" त्यांनी कपाळावर हात मारला. "हे मला तिथल्या तिथे कळायला हवं होतं. पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं! आणि तू ऐकून घेतलंस. का?"

"तुम्ही माझ्यावर चिडलात तर चार दिवसांत विसरता, बाबा. स्वतःवर चिडलात तर विसरत नाही."

राईसाहेबांनी टाकीच्या सावलीकडे बोट दाखवलं. "मी तुम्हा सगळ्यांना काय शिकवलं? मातीचा गुण रक्ताला चिकटवू नका. आणि मी स्वतः काय केलं? रक्तातला फरक दिसत होता, दर वर्षी दिसत होता, आणि मी तो सावलीवर ढकलला, वाऱ्यावर ढकलला, खोक्यावर ढकलला. राणी माझी होती ना! तिच्यात खोट कशी असेल? एका खोक्यात एक झाड. कळणार तरी कसं? लबाडी आहे ही, सूनबाई, स्वतःशीच केलेली." त्यांनी नाक पुसलं. "तुला बोललो ते विसर. चुकलं माझं."

"विसरले," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण एक सांगू का? मी त्या प्लॉटमध्ये शेंगा मोजत होते सकाळी."

"कशाला? तो बाद झाला."

"राणी म्हणून बाद झाला. पण माझ्या ओळींचं काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्या सारख्या. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझा आड आटलाय, बाबा. आणि तुमच्या प्लॉटमध्ये एका झाडाला दुसऱ्याच्या तिप्पट शेंगा आहेत. दाणा म्हणाल तर एक बारीक, एक टपोरा. हे तिन्ही जागी. म्हणजे फरक रक्तातला आहे, खराखुरा आहे. असा आड केंद्रात कुणाकडे नाही. आईंनी वीस वर्षं दुकानं पालथी घालून भरलाय तो."

राईसाहेबांची मान हळूहळू वर आली. "तिप्पट?" त्यांच्या आतला जुना माणूस जागा झाला. "फांद्यांमुळे की शेंगांच्या दाटीमुळे? लवकर फुललेल्या की उशिरा? निवड आता करायला हवी, शेंगा फुटायच्या आत! एकेका झाडाचं बी वेगळं, पुढच्या वर्षी एकेकीची वेगळी ओळ, मग परत निवड, मग परत..." ते बोटांवर मोजायला लागले आणि एकदम थांबले. बोटं तशीच राहिली.

"आठ हंगाम," ते म्हणाले. "चांगल्यात चांगलं धरलं तरी आठ. अगं, मी ऐंशीचा झालो. मला कुठली आलीत एवढी वर्षं?"

सूनबाईला काहीतरी गोड बोलता आलं असतं, पण या माणसाशी खोटं बोलून बोलून तिला शिसारी आली होती. "माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "पण निवड उद्याच करायची आहे, आणि तुमच्याइतका डोळा माझ्याकडे नाही."

खालून सासूबाईंनी हाक मारली. चहा झाला होता. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. राईसाहेब उठले, गुडघे धरत जिना उतरले, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बायकोला म्हणाले, "उद्या सकाळी तयार हो. तुझी करणी तुला दाखवायची आहे."

सासूबाई जन्मात पहिल्यांदा शेतात आल्या. विणायला घेतलेला लाल लोकरीचा गुंडा पिशवीत होता. निवडलेल्या झाडांना बांधायला धागा हवा, आणि तो दुरून दिसायला हवा, म्हणून राईसाहेबांनी आणायला सांगितला होता. त्या प्लॉटसमोर उभ्या राहिल्या आणि गालावर बोट ठेवलं. "अगं बाई! ही एवढी सगळी माझ्या डब्यात होती?"

राईसाहेब वाकून, पान उलटून, शेंगा मोजून एकेक झाड पसंत करत गेले. पसंत पडलं की मागे हात करायचे, सासूबाई दाताने धागा तोडून त्यात द्यायच्या. मध्येच त्या म्हणाल्या, "आणि ही?"

"कोण, ती? बुटकी आहे."

"मी कुठे उंच आहे? सगळ्यांच्या मागून फुललीय बिचारी, तरी खालपासून भरलीय. आणि शेजारणीच्या अंगावर रेलत नाही. ताठ उभी आहे."

"तुला काय कळतंय!"

"नाहीच कळत. तुम्हाला कळतं म्हणून तर वीस वर्षं माझी मोहरी गच्चीवर लावलीत."

सूनबाईने हसू लपवायला पाठ फिरवली. राईसाहेबांनी तोंड वाकडं केलं, पण वाकून धागा बांधला. घरात शांतता राहावी म्हणून, असं त्यांनी सुनेला नंतर सांगितलं.

या आता आपल्याच नव्या ओळी म्हणून सूनबाईने संचालकांकडून शेत आणखी एक हंगाम मागून घेतलं, आणि पुढच्या थंडीत लाल धाग्यातल्या प्रत्येक झाडाच्या लेकी तीन-तीन जागी उगवल्या. आणि मोहरीने सगळ्यांची परीक्षा घेतली. राईसाहेबांची सगळ्यात आवडती, ती उंच देखणी, तिच्या लेकी एकाही जागी आईवर गेल्या नाहीत. तिच्या शेजारचं झाड मेलं होतं, मोकळी जागा मिळून ती फोफावली होती, एवढंच तिचं मोठेपण. आणखी काही ठीकठाक निघाल्या. सासूबाईंची बुटकी मात्र तिन्ही जागी आईचं नाव राखून उभी. सगळ्या लेकी तेवढ्याच बुटक्या, तेवढ्याच ताठ, आणि जमिनीपासून शेंड्यापर्यंत भरलेल्या.

संचालक आले. त्या ओळीपाशी आले आणि पुढे जायलाच तयार होईनात. सूर्यफुलाचा विषय त्यांनी काढलाच नाही. "मॅडम, हिला पाटी लावा," ते म्हणाले. "पहिल्याच वर्षी अशी ओळ! निवड कुणाची?"

सूनबाईने पांढरी पाटी आणि काळ्या रंगात बुडवलेला ब्रश तयारच ठेवला होता. तिने राईसाहेबांकडे पाहिलं. आयुष्यभर जी पाटी त्यांना हवी होती ती समोर होती. धागा त्यांनी बांधला होता, डबा त्यांचा होता. तिने ब्रश टेकवलासुद्धा.

राईसाहेबांनी शेंगांवरून एकदा हात फिरवला. "हिची," ते म्हणाले, आणि मागे उभ्या असलेल्या सासूबाईंकडे बोट दाखवलं. "बी हिचं, निवड हिची. मी नुसता धागा बांधला, तोही तोंड वाकडं करून."

"अहो, काहीतरीच काय!" सासूबाई घाबरल्याच. "त्यांचंच लिहा हो. मला काय करायचंय पाटी लावून? मी काय दुकान आहे?"

"तू गप्प बस," राईसाहेब म्हणाले. "दुसऱ्याच्या निवडीवर आपलं नाव लावणारे मी जन्मभर पाहिले. मला त्यांच्यातलं व्हायचं नाही. लिही गं सूनबाई, हिचंच लिही."

सूनबाईने लिहिलं. सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, पाटीवरचं आपलं नाव वाचलं, आणि मोहरीची धूळ फार उडते म्हणाल्या.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी सूनबाई एक पाय बुटात घालून बसली होती आणि प्रश्न आलाच नाही. राईसाहेब घरातच नव्हते. जरा वेळाने दार उघडून आत आले ते घामाघूम, दोन्ही खिसे फुगलेले, काखेत पिशवी. त्यांनी टेबलावर कागदाच्या पुड्या मांडायला सुरुवात केली. एक कोपऱ्यावरच्या दुकानातली, एक स्टेशनजवळची, एक नदीपलीकडच्या बाजारातली. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस स्वतःहून बाजारात गेला होता. टेबल भरलं तरी पुड्या संपेनात.

"एवढी मोहरी?" सासूबाई बाहेर येऊन बघायला लागल्या. "लोणचं घालायचंय का गावाला?"

"हात लावायचा नाही!" राईसाहेब ओरडले. "तुझी मोहरी वेगळी आणलीय, ती घे. ही आडासाठी आहे. एका आडावर किती दिवस काढणार? यातली एकेक वेगळी लावायची, मग निवड, मग परत निवड. गच्ची पुरायची नाही. काय गं सूनबाई, तुझ्या शेतात एखादा कोपरा मिळेल का? आठ हंगाम तरी लागतील."

सूनबाईने मनातल्या मनात एक्क्याऐंशीत आठ मिळवले. मग त्यांच्याकडे पाहिलं. ते पुडी उघडून दाणे तळहातावर पसरून बघत होते, डोळे नुसते चमकत होते.

"मिळेल की बाबा," ती म्हणाली. "पाहिजे तेवढा."

"आठ वर्षं पडलीत अजून," सासूबाईंनी पुड्या बाजूला सारून कप ठेवला. "आधी चहा घ्या."